नारळावरची आठ मतं

आडखाजण, ता. मालवण
२३ डिसेंबर २०२२

गुरुदास भावोजींस,

नमस्कार लिहिते, कारण तुम्ही ह्यांचे थोरले भाऊ आहात आणि सासरच्या माणसाला पत्र लिहिताना नमस्कार गाळू नये असं माझ्या आईने शिकवलं आहे. त्यापलीकडे त्या शब्दात काही शोधू नका.

मंगळवारपासून तुम्हाला अकरा फोन केले. एकही उचलला नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तर संध्याकाळपर्यंत गावच्या ग्रुपवर फिरेल, म्हणून पोस्टाने लिहिते आहे.

निकाल कळला असेलच. सलोनीला चारशे एकतीस, मला चारशे सतरा. चौदा मतांनी सरपंचपद गेलं. सलोनी म्हणायचं ते नावाला. जागा बायकांसाठी राखीव झाली म्हणून परशुराम शेठनी भावजयीला उभं केलं. प्रचारात तिने तोंड उघडलं नाही. खुर्चीत ती बसेल आणि खाडीतली वाळू शेठ उपसतील. त्यांचे पंप लागल्यापासून खालच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी मचूळ व्हायला लागलंय. आमच्या बचत गटातल्या बायका अर्धा मैल चालून देवळाकडून पाणी आणतात. मी उभी राहिले ती एवढ्यासाठी. सरपंचबाई म्हणवून घ्यायची हौस मला नव्हती.

आता विचारायचं ते विचारते. शनिवारी सकाळी मुंबईहून बसगाड्या आल्या. पुढे तुमच्या ग्रामस्थ मंडळाचा फलक आणि मागच्या काचेवर सलोनीची निशाणी, रोड रोलर. तुम्ही घरची सात माणसं त्यातून उतरलात. घर तिथून शंभर पावलांवर. पण तुम्ही आधी शेठच्या मांडवात वडे-सागोती जेवायला गेलात. मी तुळशीपाशी उभी राहून बघत होते. मग अकराच्या सुमारास घरी आलात, माझ्याशी दोन शब्द गोड बोललात आणि म्हणालात, "आयेक देवळात घेवन जातंय, पाया पडान येतो." तासाभराने आईंना दारात सोडून तसेच निघून गेलात. चहासुद्धा घेतला नाहीत.

त्या दिवसापासून आई माझ्याकडे बघत नाहीत. रविवारी मतदानाला माझ्याबरोबर निघाल्या नाहीत, मासेवाल्या तुळसाबरोबर गेल्या. निकालाच्या दिवशी वाडीतल्या बायका ओटीवर येऊन रडल्या. आई मागच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मला वाटलं, माझ्या पडण्याचं दुःख. आता तसं वाटत नाही.

तुम्ही त्यांना देवळात नेऊन काय केलंत?

भक्ती

*

आडखाजण ग्रामस्थ मंडळ, मुंबई
भांडुप कार्यालय
३० डिसेंबर २०२२

चि. सौ. भक्ती हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पराभव पचवायला मन मोठं लागतं, ते तुझ्याकडे नाही हे वाचून वाईट वाटलं.

मुद्द्यांची उत्तरं देतो, म्हणजे पुन्हा लिहायचं कारण उरणार नाही. बस मंडळाने केली होती. मंडळाला देणगीदार असतात. एका देणगीदाराने चार गाड्यांचं भाडं भरलं, यात कुणाच्या बापाचं काय गेलं? डिसेंबरात रेल्वेचं तिकीट मिळत नाही. चाकरमान्याने मताचा हक्क बजावायला चालत यायचं काय? आणि जेवण म्हणशील तर गावात आलेल्याला कुणीही जेवायला वाढतं. तू बोलावलं असतंस तर तुझ्याकडेही जेवलो असतो. तुझ्या ओटीवर त्या दिवशी घोषणाच चालल्या होत्या.

देवीच्या सभामंडपाचे खांब सात वर्षं नुसते उभे आहेत हे तुला दिसतं का? मी मंडळाचा चिटणीस आहे. मुंबईत घरोघरी पावतीपुस्तक घेऊन फिरलो, लोक पन्नास रुपये देतात आणि चहा पाजून पाठवतात. परशुराम शेठनी पत्रे आणि लाद्या घालून द्यायचं कबूल केलं आहे. तू काय देणार होतीस? पापड?

आईला मी दर्शनाला नेली. ती एकोणऐंशी वर्षांची आहे, थकलेली आहे. तिचं तोंड कुठल्या भिंतीकडे आहे याच्यावरून माझ्यावर खटला भरू नकोस. माझ्या घरच्यांना मी एकच सांगितलं, ज्याला त्याला पटेल त्याने तसं मत द्यावं. त्यांनी कुणाला दिलं ते मी विचारलं नाही.

सर्वेशला म्हणावं, बायकोच्या राजकारणात होडीकडे दुर्लक्ष होऊ देऊ नको.

तुझा शुभचिंतक,
गुरुदास

*

आडखाजण
३ जानेवारी २०२३

भावोजी,

तुमचं पत्र शनिवारी आलं असतं तर कदाचित मी गप्प बसले असते. ते काल आलं, आणि त्याच्या आदल्या दिवशी आई बोलल्या.

मागच्या दारी सकाळच्या मासळीतली सुंगटं सोलायला बसलो होतो, त्या आणि मी.  मग त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाल्या, "गो भक्ती, माका मार हवी तर. मी रोलराचा बटन दाबलंय."

मी विचारलं, "कित्याक आये?"

"नारळार हात ठेवूक लावल्यान माका. देवीच्या समोर. शेठाचो माणूस थयच उभो होतो. गुरुदास म्हणालो, माज्या डोक्याची आण घे, नायतर ह्यांका इश्वास बसाचो नाय. मी म्हटलंय, सून उभी आसा रे माझी. तर म्हणालो, सून उद्या दुसऱ्या घरातसून आणूक येता, झील खयसून हाडतलंस?"

भावोजी, हे वाक्य तुमचं आहे. मी काना-मात्रा बदललेली नाही.

त्या म्हणाल्या, नारळाखाली नोटा होत्या, आठ मतांच्या, आणि त्या तुम्ही उचलून खिशात घातल्या. मशीनसमोर उभ्या राहिल्या तेव्हा माझी कपबशी त्यांना दिसत होती. "हात तुज्याकडे जाय होतो. मगे वाटला, आण मोडली आणि झिलाक कायतरी लागला तर? खाली रोलर होतो. दाबलंय." एवढं सांगून त्या पुन्हा सुंगटं सोलायला लागल्या. मी उठून विहिरीवर गेले, कारण त्यांच्यासमोर रडले असते तर ते त्यांना मार दिल्यासारखंच झालं असतं.

मी शाळेत गणितात कच्ची होते, पण हे एवढं मला येतं. चौदा मतांनी मी पडले. तुमची सात आणि आईंचं आठवं. ही आठ तिकडून इकडे आली असती तर मी दोन मतांनी निवडून आले असते. शेठनी आठशे मतं विकत घेतली नसतील, पण आडखाजणची पंचायत त्यांना आमच्याच घरातून मिळाली.

निकालापासून पंधरा दिवसांत कोर्टात अर्ज करावा लागतो. काल मी केला. सलोनीची निवडणूक रद्द करावी म्हणून मागणी आहे. साक्षीदारांत तुमचं नाव घातलंय. येऊन खरं सांगाल तर आईंना त्या वयात पिंजऱ्यात उभं राहावं लागणार नाही. नाही आलात तर त्या उभ्या राहतील. मी त्यांना सांगितलेलं नाही, त्यांनीच सांगितलंय.

सभामंडप होवो तुमचा. देवीला सावली मिळेल.

भक्ती

*

भांडुप
९ जानेवारी २०२३

भक्ती,

मंडळाच्या कागदावर लिहीत नाही, कारण हे मंडळाचं पत्र नाही.

कोर्टात गेलीस? थोरल्या दिराचं नाव साक्षीदार म्हणून? आमच्या घराण्यात जमिनीच्या हद्दीवरूनसुद्धा कुणी कोर्टाची पायरी चढलं नाही.

होय, ठेवायला लावला नारळावर हात. घेतले पैसे. पत्र्यांचं काम मार्गी लागावं म्हणून घेतले, आणि सगळेच्या सगळे पत्र्याला गेले असंही म्हणत नाही. झालं समाधान? आता माझं ऐक. एवढे दिवस भावाचं झाकायचं म्हणून गप्प होतो.

होडीचं इंजिन मालवणात दुरुस्तीला दिलंय असं सर्वेशने तुला सांगितलं ना? महिना होत आला. कुठलं इंजिन महिनाभर दुरुस्त होतं? एकदा जाऊन बघून ये. तुझ्या नवऱ्याने ते विकलं. मतदानाच्या आदल्या आठवड्यात त्याने आधी माझ्याकडेच पैसे मागितले. "दादा, भक्ती पडतली, कायतरी कर." मी नाही म्हटलं. मग इंजिन काढून विकलं आणि शुक्रवारी दुपारी, बायका तुझ्या सभेला देवळाकडे गेल्या असताना, खालच्या वाडीत घरोघर हजार-हजार वाटून आला. साठ-सत्तर घरं. शेठने तिथेच दोन-दोन हजार दिले होते. लोकांनी दोघांचेही घेतले.

तुझ्या ओटीवर रडायला आलेल्या त्या बायका. विचार त्यांना.

शेठने वाटले ते पाप आणि सर्वेशने वाटले ते काय, देवीचा प्रसाद? मी आठ मतं विकली म्हणतेस. तुझी किती विकत घेतलेली होती ते आधी मोज, मग मला पिंजऱ्यात बोलव. अर्ज मागे घे. नाही घेतलास तर मी कोर्टात नाही म्हणेन, आणि सर्वेशचं मात्र सगळं सांगेन.

गुरुदास

*

आडखाजण
२९ जानेवारी २०२३

भावोजी,

तुमचं पत्र मी ह्यांच्या पुढ्यात ठेवलं. पडवीत जाळं शिवत बसले होते. दोन ओळी वाचल्या आणि सुई खाली ठेवली.

"खरा काय?" मी विचारलं.

"होय."

"माका कित्याक नाय सांगलंस?"

"सांगलंय असतंय तर तू माका वाटूक दिला नसतंस." मग म्हणाले, "सगळे म्हणा होते, दिल्याशिवाय येक मत पडाचा नाय. तू गावभर हसत फिरा होतंस. पडलेली तुका बघवली नसती माका."

मी म्हटलं, तुम्हाला वाटलं मला फुकट कुणी मत देणार नाही. ह्यांनी पुन्हा सुई उचलली. लग्नाला एकवीस वर्षं झाली, ह्यांनी कधी हात उगारला नाही, दारू नाही. पण त्या दिवशी ह्यांनी मला जे मारलं, ते तुम्हाला नारळावर हात ठेवायला लावूनसुद्धा जमलं नाही. आता हे दुसऱ्याच्या होडीवर मजुरीला जातात. मी तीन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी बोलले, कारण घरात आई आहेत.

त्या चारशे सतरांचं काय करू, सांगा. निकाल लागला तेव्हा वाटलं होतं, पडले खरी, पण चारशे सतरा माणसं माझ्या बाजूने उभी राहिली. रस्त्यात कुणी भेटलं की मनात म्हणायची, हा त्यातला असेल. आता कुणी हसलं की ह्यांचे हजार रुपये आठवतात. जे खरोखर माझे होते त्यांच्यावरही माझा विश्वास उरला नाही. हे तुमच्या भावाने केलं, प्रेमापोटी.

वकील म्हणाले, वहिनी, हे कुठे बोलू नका. तुम्ही सलोनीबद्दलच बोला, नाहीतर तुमच्यावरच उलटेल. मी मान हलवून आले. गप्पच बसणार होते, खोटं कशाला सांगू.

मग सव्वीस जानेवारीची ग्रामसभा झाली. झेंडावंदन झालं, लाडू वाटले आणि पहिलाच ठराव आला. खाडीतल्या वाळूउपशाला पंचायतीची ना हरकत. सलोनीने कागद वाचला, अडखळत. शेजारी शेठ बसले होते. त्यांना तिथे बसायचा काय अधिकार, ते कुणी विचारलं नाही. मी उठले. विहिरीचं पाणी बाटलीत भरून नेलं होतं, म्हटलं हे सरपंचबाईंनी एक घोट पिऊन दाखवावं.

शेठ हसले. म्हणाले, "भक्तीबाय, पाणी मगे पिवया. आधी सांग, तुज्या घोवान वाडयेत काय वाटल्यान? इंजिन खंय गेला तुमचा?"

सभेत कुजबुज झाली. ह्यांनी मान खाली घातली. त्यांना वाटलं असणार, आता ही बसेल. मलाही क्षणभर तसंच वाटलं.

मी म्हटलं, "होय. माज्या घोवान पैशे वाटल्यान. इंजिन इकून वाटल्यान. माका ठावक नव्हता, पण वाटले ते माज्या नावान. कोर्टातय मी ह्याच सांगतलंय. आता शेठांनू, तुमी सांगा तुमी कितके वाटलात."

 मग मासे विकणारी तुळसा उठली. तिला तुम्ही ओळखता. म्हणाली, "माका दोन हजार शेठाकडसून, येक हजार सर्वेशाकडसून. दोनय घेतलंय. तिसऱ्या दिसा संपले. बांयचा पाणी अजून खाराच आसा."

शेठ तिच्यावर खेकसले नाहीत. अगदी शांतपणे म्हणाले, "तुळसा, तू मत काय फुकट दिलंस? नाय ना? तुजा देणा मी दिलंय, माजा तू दिलंस. फिटला. आता माज्याकडे पाणी कित्याक मागतंस?"

भावोजी, पंचायतीत अठ्ठावीस वर्षांचे ठराव मी वाचलेत, एवढं स्पष्ट कुणी कधी बोललं नव्हतं. तुळसा उभ्याची बसली.  मग हात वर करायला सांगितले. पैसे घेतलेल्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि हात वर केले. ठराव मंजूर झाला.

अर्ज मी मागे घेत नाही. ह्यांच्यावर जे यायचं ते येईल, हेही तयार आहेत. तुम्ही सगळं सांगा. फक्त सगळं सांगा.

भक्ती

*

भांडुप
८ फेब्रुवारी २०२३

भक्ती,

चार तारखेला आंगणेवाडीच्या जत्रेला आलो होतो. भराडी देवीच्या रांगेत पाच तास उभा राहिलो. तिथून आडखाजण किती लांब, पण घरी आलो नाही. येणारही नव्हतो.

रांगेत मागे आपल्याच गावचे दोघे होते. मला ऐकू जाईल असं बोलत होते. "आवशीक नारळार हात ठेवूक लावल्यान तो ह्योच." पाच तास ते ऐकत उभा होतो. हे तू केलंस. घरातली गोष्ट तू कोर्टाच्या अर्जात घातलीस आणि ग्रामसभेत कोर्टाचं बोललीस. माझं नाव घेतलं नाही म्हणशील. गाव काय मूर्ख आहे?

मंडळाच्या कमिटीने राजीनामा मागितला. शेठचाच माणूस सगळ्यात मोठ्याने बोलत होता. पत्र्यांचं काम थांबलं, आता म्हणतात कोर्टाचं मिटेपर्यंत नको.

आईला मुंबईला पाठवून दे. तुझ्या घरात ठेवून तू तिच्याकडून काय काय वदवून घेशील त्याचा भरवसा नाही. नाही पाठवलीस तर मी घराची आणि मागच्या आवाठाच्या मोकळ्या जागेची वाटणी मागणार. आणि कोर्टात मी नाहीच म्हणणार. माझा शब्द आणि एका म्हाताऱ्या बाईचा शब्द, बघू कोणाचा चालतो.

गुरुदास

*

आडखाजण
२१ जून २०२४

भावोजी,

सव्वा वर्ष आपण लिहिलं नाही. वाटणीची नोटीस आली, ती ह्यांनी सही करून परत पाठवली. मागचं आवाठ तुमचं. आईंनी मुंबईला यायला नकार दिला तो तुम्ही फोनवर ऐकलाच आहे.

हे पत्र एवढ्यासाठी की परवा तुम्ही साक्ष देऊन बाहेर पडलात आणि रिक्षात बसून गेलात. तुमच्या मागून काय झालं ते तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं.

तुम्ही शपथेवर म्हणालात, मी आईला फक्त दर्शनाला नेली, कुठलाही नारळ नव्हता, कुठलेही पैसे नव्हते. ह्यांच्या वाटपाचं मात्र तारीखवार सांगितलंत. त्याआधी मी आणि ह्यांनी ते सांगितलंच होतं, त्यामुळे तुमचं काही नवं ठरलं नाही.

मग आईंना बोलावलं. दोन बायकांनी धरून पिंजऱ्यात उभं केलं. न्यायाधीश तरुण होते, चांगले होते. खुर्ची द्यायला सांगितली. आई बसल्या नाहीत. त्यांनी नारळ, नोटा, शेठचा माणूस, सगळं मालवणीत सांगितलं. सलोनीच्या वकिलांनी उठून विचारलं, "आजी, तुमचे चिरंजीव आत्ताच शपथेवर सांगून गेले की असं काही झालंच नाही. मग खोटं कोण बोलतंय?"

आई म्हणाल्या, "माझो झील."

वकिलांनी पुन्हा विचारलं, नीट ऐकू आलं का म्हणून.

"आयकलंय मी. माझो झील खोटा बोललो. येकदा तेच्या डोक्याची आण घेवन मी माझा मत दुसऱ्याक दिलंय. आता तेच्यासाठी साक्षय खोटी देवू काय? मत घराकडला होता म्हणान घरात ठेवन गप ऱ्हवलंय. पण मत घराचा नसता, बाबा. गावाचा असता." मग न्यायाधीशांकडे वळून हात जोडले. "पैशे तेणी घेतल्यान, मत मी दिलंय. दंड करूचो तर दोघांकय करा."

कोर्टात कुणी हसलं नाही. बाहेर आल्यावर आईंनी एकच विचारलं, "गेलो काय तो?" मी म्हटलं, गेले. "जेवान तरी गेलो असतो," म्हणाल्या आणि ह्यांचा हात धरून पायऱ्या उतरल्या.

तुमची कीव यावी म्हणून हे लिहिलं नाही. मला अजून येत नाही.

भक्ती

*

आडखाजण
१२ फेब्रुवारी २०२५

भावोजी,

निकाल तुम्हाला पेपरात कळला असेल. सलोनीची निवडणूक रद्द झाली. वरच्या कोर्टातही त्यांचं चाललं नाही. न्यायाधीशांनी माझ्या बाजूच्या वाटपावरही चार खरमरीत ओळी लिहिल्यात, त्या मी दोनदा वाचल्या. सरपंचपदाची निवडणूक पुन्हा होणार, २३ मार्चला, रविवारी. खाडीत मधल्या दोन वर्षांत वाळू जायची तेवढी गेली. विहीर आता कुणी वापरत नाही, तिच्यावर जाळी घातली आहे.

तारीख जाहीर झाली त्याच दिवशी दुपारी खालच्या वाडीतल्या पाच-सहा बायका माझ्याकडे आल्या. मला वाटलं, उभी राहा म्हणून सांगायला आल्या. चहा केला. चहा पिऊन झाल्यावर एक म्हणाली, "शेठाचो भाव चार हजार निघालो हा. तू कितके देतलंस?"

राग नव्हता तिच्या बोलण्यात, थट्टाही नव्हती. बाजारात बांगड्याचा दर विचारावा तसं विचारलं. शेठना त्या देणारे म्हणून ओळखतात, आणि आता मलाही. मी म्हटलं, मी काही देत नाही आणि मी उभीही राहत नाही. त्या उठल्या. जाताना एकीने माझ्या पाठीवर हात ठेवला, तो कशासाठी ते मला कळलं नाही.

तुळसा उभी राहते आहे. तिने फॉर्म भरला तेव्हा लोक हसले, दोन्हीकडचे पैसे खाल्लेली बाई म्हणून. ती म्हणते, "खाल्लंय म्हणानच माका ठावक आसा तेची चव." मी आणि हे तिच्यासाठी घरोघर फिरतो. दारं उघडतात, हाताकडे बघतात, आणि लावून घेतात.

शेठच्या बसगाड्या या वेळीही येणार आहेत. तुम्हाला बोलावणं येईलच.

भक्ती

*

भांडुप
२७ मार्च २०२५

भक्ती,

तुला नमस्कार-आशीर्वाद काही लिहीत नाही. आपल्यात ते उरलेलं नाही.

बसचं बोलावणं आलं होतं. माणशी चार हजार, जाताना-येताना जेवण. घरच्यांना मी सांगितलं, ज्यांना जायचं त्यांनी जावं. दोन मुलगे गेले. मी गेलो नाही. शनिवारी जनरलच्या डब्यातून कुडाळला उतरलो आणि तिथून एसटीने आलो. लॉजवर राहिलो. घरी आलो नाही, कारण तिथे माझं घर आता मागचं आवाठच आहे आणि त्यावर छप्पर नाही.

शाळेत रांग होती. आई माझ्यापुढे सहावी होती, तुळसाच्या सुनेचा हात धरून. तिने वळून बघितलं. मी आहे हे तिला दिसलं. ती पुढे वळली आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा मी खाली बघत होतो. तू दूर पिंपळाखाली सर्वेशबरोबर उभी होतीस. तूही बघितलंस. कुणीच हाक मारली नाही, ते बरं झालं.

तुळसाला एक्केचाळीस मतं पडल्याचं कळलं. शेठची उमेदवार सहाशेच्या वर गेली. मुलगे सांगत होते, मांडवात त्या एक्केचाळिसांवरून फार हसणं झालं. कोण कोण असतील, नावं काढत बसले होते.

सोमवारी संध्याकाळी शेठचा फोन आला. गोड बोलले. म्हणाले, गुरुदास, तू बसने आला नाहीस, पैसेही नेले नाहीस, मग मत कुणाला दिलंस ते कळलं नाही. याआधी प्रत्येक निवडणुकीला मी त्यांना सांगत आलो, माझी किती, कुठे पडली. सांगावंच लागायचं, घेतलेलं असायचं.

या वेळी म्हटलं, नाही सांगत.

ते म्हणाले, आमच्या विरोधात दिलंस असं समजू काय? मी म्हटलं, समजा काय समजायचं ते. फोन ठेवला. 

तू हे पत्र वाचून विचारशील. आईही विचारेल. दोघींनाही सांगणार नाही.

गुरुदास